आजोबांचा डोळ्यांचा दवाखाना हाती घेताना : परदेशातून पुण्यात येणाऱ्या नेत्रतज्ज्ञांसाठी

पेठेत पहिल्या मजल्यावर आजोबांनी दवाखाना काढला, पुढे तो वडिलांनी, आईने किंवा आत्याने चालवला. आता परदेशात शिकून, तिथे काही वर्षं काम करून तिसरी पिढी तिथे बसायला येते आहे. काहींचा जन्मच बाहेरचा, खिशात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आणि मराठी घरात बोलण्यापुरती. हा लेख अशांसाठी आहे.

घरात डॉक्टरकीचा वारसा असला की पेशंट पहिल्या दिवसापासून येतात, ही मोठी सोय. पण त्यामुळे सगळं तयारच आहे असं वाटायला लागतं, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. नोंदणी मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे आजवर दवाखाना चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या नावावर, परवाने त्यांच्या नावावर, यंत्रं त्यांच्या हाताला बसलेली. तुमच्या हाती खरोखर काय येतं, तर जुन्या केस पेपरचं कपाट आणि लोकांचा विश्वास. म्हणून पाटी शेवटी बदलायची आणि कपाट आधी उघडायचं, या क्रमाने पुढचं वाचा.

विमानात बसण्याआधी : कागद

नोंदणी झाल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. वडिलांच्या शेजारी खुर्ची टाकून ‘नुसतं बघतो’ म्हणत स्लिट लॅम्पला (डोळा मोठा करून बघायच्या यंत्राला) डोळा लावणंही टाळा. काही बिघडलं तर त्या दिवशी तुम्ही कोण होतात, एवढाच प्रश्न विचारला जातो.

तुमची वाट कोणती ते आधी ठरवा. एमबीबीएस भारतात आणि पुढचं शिक्षण बाहेर झालं असेल, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची मूळ नोंदणी जिवंत आहे का ते बघा. ती दर ५ वर्षांनी नूतनीकरण मागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. बाहेर गेलेल्या बहुतेकांची ती मधल्या काळात संपलेली असते. मूळ पदवी आणि पदव्युत्तर पात्रता दोन्ही अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमधल्या असतील तर एफएमजीई या, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीच्या भारतातल्या परीक्षेतून सूट मिळू शकते. मात्र ती पदव्युत्तर पात्रता त्या देशात विशेषज्ञ म्हणून काम करण्यासाठी मान्य असायला हवी. नुसती एखादी सदस्यत्वाची परीक्षा पास होणं वेगळं आणि पूर्ण प्रशिक्षण करून तिथल्या विशेषज्ञ यादीत नाव लागणं वेगळं. इथे पुष्कळांची गल्लत होते. रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स, चीन अशा देशांत मूळ पदवी घेतली असेल तर एफएमजीई द्यावीच लागते. वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्न असतात, १५० गुणांना पास. २०२१च्या नियमांखाली शिकलेल्यांना अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, तिथे १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि इथे आणखी १२ महिन्यांची, हे सगळं दाखवावं लागतं. त्यानंतर नेत्रतज्ज्ञ व्हायचं तर नीट-पीजी ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पात्रता. आजोबांचं नाव कितीही मोठं असलं तरी यातली एकही पायरी गाळता येत नाही.

ओसीआय कार्डधारकांना डॉक्टरकीच्या व्यवसायात अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने वागवावं, असं केंद्राच्या २०२१च्या अधिसूचनेत आहे, पण नोंदणीच्या अटी त्यांनाही लागूच. नियमांत फेरफार होत असतात. अर्ज भरण्याच्या आठवड्यात एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) संकेतस्थळावरची ताजी सूचना स्वतः वाचा, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

पदवी, गुणपत्रकं, प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आणि तिथल्या कौन्सिलचं गुड स्टँडिंग (तुमची नोंदणी चालू आणि स्वच्छ असल्याचं) प्रमाणपत्र सोबत लागेल. पहिल्या तिन्हींवर अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारं सरकारी साक्षांकन, करून घ्या. ते ज्या देशाने कागद दिला तिथेच होतं, पुण्यात आल्यावर नाही. गुड स्टँडिंग मात्र शेवटी मागवा, कारण त्याची मुदत छोटी असते. ब्रिटनच्या जीएमसीचं, म्हणजे तिथल्या कौन्सिलचं, जेमतेम ३ महिने चालतं. सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते नावावरून. पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, किंवा पदवीवर मधे वडिलांचं नाव आणि पासपोर्टवर ते गाळलेलं. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद, प्रतिज्ञापत्र यांपैकी जे लागेल ते आधीच तयार ठेवा.

सामानात काय आणावं? रेटिनोस्कोप, डायरेक्ट ऑफ्थाल्मोस्कोप, २० आणि ९० डायॉप्टरची भिंगं, हाताला बसलेली दोन-चार मायक्रोसर्जरीची हत्यारं. मोठं वापरलेलं यंत्र आणायच्या फंदात पडू नका. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टवर चालतं, इथे २३० आहेत. आयातीच्या परवानग्या वेगळ्या, आणि बिघडलं तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही.

पाटी, लेटरहेड आणि परवाने

डॉक्टरांनी जाहिरात करायची नाही हे सर्वांना माहीत असतं. पण २००२च्या व्यावसायिक आचार नियमांत काही औपचारिक निवेदनांना मुभा आहे आणि ‘दुसऱ्याची प्रॅक्टिस पुढे चालवायला घेणं’ हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे वर्तमानपत्रात चार ओळींचं साधं निवेदन देता येतं. फोटो नको, ‘परदेशातून खास’ वगैरे नको. नाव, मान्य पदव्या, नोंदणी क्रमांक, वेळ आणि पत्ता, एवढं पुरे.

लेटरहेड पहिल्या दिवसापासून स्वतःचं हवं. मोठ्या डॉक्टरांच्या कागदावर, त्यांच्या नोंदणी क्रमांकाखाली तुमच्या अक्षरातलं औषध जाता कामा नये. जुने पॅड ‘संपेपर्यंत वापरू’ म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेले असतात, ते बाजूला काढा.

फक्त तपासणीचा दवाखाना असेल तर गोष्टी सोप्या आहेत. ऑपरेशन थिएटर आणि खाटा असतील, मग त्या दोन का असेनात, तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेकडे नोंदणी लागते. तिची मुदत ३ वर्षं असते आणि ती ३१ मार्चला संपते. मालक बदलला की जुनं प्रमाणपत्र आपोआप तुमचं होत नाही. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेचा करार, दोन्हींवर नवं नाव चढवा. हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नसतो. केराटोमची (डोळ्याला छेद घ्यायच्या चाकूची) पाती आणि सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, लेन्सची प्लॅस्टिकची कार्ट्रिज आणि नळ्या लाल पिशवीत, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा लागतं.

वाड्यातल्या किंवा जुन्या इमारतीतल्या दवाखान्याबद्दल एक गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही, तरी पहिल्या आठवड्यात करा. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंदीचा पिवळा पट्टा रंगवून घ्या. थेंब घालून डोळ्याची बाहुली मोठी केलेल्या म्हातारीला काळ्या दगडाच्या पायऱ्यांची कड दिसत नाही. चढताना ती कशीबशी चढते, पडते ती उतरताना.

कपाट

जुने केस पेपर स्कॅन करून रद्दीत देऊ नका. आंतररुग्णांच्या नोंदी किमान ३ वर्षं ठेवाव्या लागतात, आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. हे कायद्यापुरतं झालं. डोळ्यांच्या दवाखान्यात तीस वर्षांपूर्वीचा कागदही कामाला येतो, आणि तो वाचता आला पाहिजे.

डोळ्याच्या दाबाच्या रकान्यात १२.२, १४.६, १७.३, २०.६, २४.४ असे दशांशातले ठरावीक आकडे सारखे दिसले, तर ते शिऑट्झ टोनोमीटरचे, म्हणजे वजन ठेवून दाब मोजायच्या जुन्या यंत्राचे आहेत हे ओळखा. ५.५ ग्रॅमच्या वजनाला काटा ५ वर आला की तक्त्यात १७.३ येतो, ४ वर आला की २०.६. कधीकधी नुसतं ‘५.५/४’ असंही लिहिलेलं असतं. हे आकडे आजच्या गोल्डमन या दाब मोजायच्या यंत्राच्या आकड्याशेजारी ठेवून ‘दाब वाढला’ असा निष्कर्ष काढू नका. विशेषतः मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत शिऑट्झ दाब कमी दाखवतं, कारण त्या डोळ्याचं पांढरं कवच सैल असतं. तेव्हा १७.३ लिहिलेला माणूस तेव्हाही काचबिंदूच्या उंबरठ्यावर असू शकतो.

‘अ‍ॅफेकिया’ आणि पुढे +१० असं दिसलं की तो लेन्स न बसवता केलेल्या मोतीबिंदूचा पेशंट, सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारख्या चष्म्याचा. ‘पीआर अ‍ॅक्युरेट’ म्हणजे चारही बाजूंचा उजेड ओळखतो. ‘एफसी ३ मी’ म्हणजे तीन मीटरवरून बोटं मोजतो. मोठ्या डॉक्टरांची स्वतःची संक्षिप्त चिन्हंही असतील. त्यांच्याबरोबर एका रविवारी दोन तास बसून ती वहीत उतरवून घ्या. हे काम पुढे ढकलू नका.

कपाटातला खरा ठेवा म्हणजे घराणी. आजोबांनी आजीला तपासलं, वडिलांनी मुलाला, आता नात तुमच्याकडे चष्म्याला आली आहे. तिन्ही कागद एकाच आडनावाखाली आहेत, पण एकत्र लावलेले नाहीत. काचबिंदू सख्ख्या नात्यात उतरण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, आणि सुरुवातीला त्याची काहीच तक्रार नसते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी वीस कागद घ्यायचे. काचबिंदूचे बाजूला काढायचे, त्यांच्यावर लाल टोकाची चिकटपट्टी लावायची आणि भावंडं-मुलांची नावं पेशंटलाच विचारून मागच्या बाजूला लिहायची. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला दाब, नस आणि कोन (डोळ्यातलं पाणी वाहून जातं ती जागा) तपासायला बोलवायचं. रातांधळेपणाच्या घराण्यात आतेभाऊ-मामेबहीण असं लग्न झालंय का तेही विचारा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं आणि विचारल्याशिवाय कुणी ते सांगत नाही. बोलावणं मात्र पेशंटच्या हातून किंवा फोनवरून पाठवा. नातेवाइकाच्या आजाराचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवू नका.

यंत्रं : विश्वास ठेवण्याआधी मोजा

गोल्डमन टोनोमीटरपासून सुरुवात करा, कारण काचबिंदूचा सगळा हिशोब त्याच्यावर चालतो आणि अनेक दवाखान्यांत तो विकत घेतल्यापासून कुणी तपासलेला नसतो. डब्यात एक छोटी धातूची दांडी मिळते, तिच्यावर खुणा असतात. काम दहा मिनिटांचं आहे.

१. प्रिझम (डोळ्याला टेकणारं टोक) जागेवर बसवा आणि दांडी न लावता ड्रम ०च्या जरासा खाली, मग जरासा वर फिरवा. प्रिझमचा हात एकदा तुमच्याकडे, एकदा पेशंटच्या बाजूला झुकला पाहिजे. हा झुकाव ०च्या दोन्ही बाजूंना ०.०५ च्या आत व्हायला हवा.

२. दांडी बसवून मधल्या खुणेच्या लगतची खूण जुळवा. ही २ ची, म्हणजे २० मि.मी. दाबाची. हात १.९५ ते २.०५ च्या दरम्यान झुकला पाहिजे.

३. टोकाची खूण ६ ची, म्हणजे ६० मि.मी.ची. इथे ५.९ ते ६.१.

२० च्या खुणेवर २ मि.मी. किंवा जास्त फरक दिसला तर यंत्र दुरुस्तीला द्या आणि तोवर त्याच्यावर कुणाचंही औषध बदलू नका. पुढे हे दर महिन्याला करा आणि तारीख यंत्रावर चिकटवा. दांडी सापडत नसेल तर सिस्टरांना विचारा. बहुधा ती ट्रायल सेटच्या (चष्म्याचा नंबर काढायच्या भिंगांच्या) पेटीत कोपऱ्यात असते.

तपासणीची खोली ६ मीटर लांब आहे का, ते टेपने मोजा. जुन्या खोल्या लहान, म्हणून ३ मीटरवर आरसा लावून अंतर दुप्पट केलेलं असतं. मधे कुणी कपाट किंवा एसी बसवताना खुर्ची हातभर पुढे सरकवली असेल, तर सगळ्यांचं वाचन आहे त्यापेक्षा चांगलं येतं.

दाबाइतकंच लक्ष ए-स्कॅनवर, म्हणजे डोळ्याची लांबी मोजण्यावर हवं. डोळ्याच्या लांबीत १ मि.मी. चूक झाली की बसवलेल्या लेन्सचा हिशोब सुमारे अडीच डायॉप्टरने चुकतो. बुबुळाला टेकवून मोजायच्या यंत्रात प्रोब जरा जास्त टेकला की डोळा ०.२ मि.मी. दबतो. लांबी कमी भरते, यंत्र जास्त पॉवरची लेन्स सांगतं आणि ऑपरेशननंतर पेशंटला अर्धा डायॉप्टर मायनस राहतो. मग तो म्हणतो, ‘ऑपरेशन झालं, पण बसची पाटी काही दिसत नाही.’ एका हाताची दोन वेगळी मोजमापं सारखी यायला हवीत. दोन डोळ्यांत ०.३ मि.मी.पेक्षा जास्त फरक, लांबी २२च्या आत किंवा २५च्या वर, असं काही दिसलं की दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. केराटोमेट्री (बुबुळाची वक्रता मोजणं) दाब मोजण्याआधी आणि सुन्न करायचे थेंब घालण्याआधी करायची. थेंबांनी बुबुळाचा पृष्ठभाग बिघडतो. आणि यंत्रात साठवलेला ए-स्थिरांक (प्रत्येक लेन्सचा हिशोबातला ठरलेला आकडा) आज बसवत असलेल्या लेन्सचाच आहे का ते बघा. लेन्सची कंपनी बदलली आणि स्थिरांक जुनाच राहिला, ही फार वेळा होणारी चूक आहे.

ऑपरेशन थिएटर

ऑटोक्लेव्हची शिट्टी वाजली म्हणजे हत्यारं निर्जंतुक झाली, असं नाही. गुंडाळलेल्या संचाला १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबावर ३० मिनिटं द्यायची. ही मिनिटं तापमान गाठल्यावर मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. प्रत्येक संचात रासायनिक पट्टी आणि आठवड्यातून एकदा जैविक चाचणी. फेको (मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून काढायचं यंत्र) हँडपीसच्या नळ्या ऑपरेशन संपल्या संपल्या डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुवा. आत वाळलेलं द्रव्य किंवा एन्झाइमचा साबण राहिला की १२ ते ४८ तासांत बुबुळ या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढुरकं होतं, दुखत मात्र फारसं नाही. ही विषारी प्रतिक्रिया. जंतुसंसर्ग बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात येतो आणि दुखतो. शंका आली तर जंतुसंसर्गच धरून चाला आणि पेशंटला त्याच दिवशी पडद्याच्या (रेटिनाच्या) तज्ज्ञाकडे पाठवा.

संसर्ग टाळण्यासाठी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात घड्याळ लावून ३ मिनिटं. थिएटरच्या फडताळात त्याच रंगाची, हात धुवायच्या स्क्रबची बाटली असते. तिच्यात साबण असतो, तो डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं. दोन्ही बाटल्या एका खोलीत ठेवूच नका. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात सोडायचं मॉक्सिफ्लॉक्सासिन प्रिझर्वेटिव्ह नसलेलंच हवं. आणि फॉर्मॅलिनच्या धुरीची जुनी सवय असेल तर ती थांबवा. सिस्टर नाराज होतील, त्यांना कारण समजावून सांगा. धुरीने माणसांना त्रास होतो, आणि स्वच्छ पुसून घेतलेली जमीन व नीट चालणारी हवेची गाळणी तिच्यापेक्षा जास्त काम करतात.

आकडे आणि शब्द

अमेरिकेतून येणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून नजर ६/६ मध्ये, म्हणजे मीटरच्या मापात मोजायची. २०/४० म्हणजे ६/१२. तिथले नेत्रतज्ज्ञ चष्म्याचा सिलिंडर (ठरावीक अक्षावरचा नंबर) प्लसमध्ये लिहितात, लक्ष्मी रोडवरचा चष्मेवाला मायनसमध्ये काम करतो. बदलायची रीत अशी : दोन्ही आकड्यांची बेरीज करा, सिलिंडरचं चिन्ह उलटं करा, अक्षात ९० मिळवा किंवा वजा करा. +१.०० / +१.५० × ९० याचं +२.५० / −१.५० × १८० होतं. अर्धा कागद एका पद्धतीने आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीने गेला की काच चुकीच्या अक्षावर घासली जाते आणि पेशंट म्हणतो, ‘जमीन तिरकी दिसते.’ ब्रिटनहून आलेल्यांनी साखरेचा आकडा १८ने गुणायचा. तिथली १० म्हणजे इथली १८०.

शब्दांकडे आणखी लक्ष द्या. ‘पडदा’ हा एकच शब्द घ्या. डॉक्टर पडदा म्हणतात तो डोळ्याच्या आतला, मागचा. आजी मात्र समोर बसून म्हणतात, ‘डॉक्टर, पडदा आलाय हो डोळ्यावर.’ त्यांचा पडदा म्हणजे समोर आलेला धूसर आडोसा, बहुतेक वेळा मोतीबिंदू. पण एखादे काका म्हणाले, ‘काल दुपारपासून एका बाजूने काळा पडदा सरकत आलाय,’ तर तो खरोखर आतला पडदा सुटतो आहे. त्यांना त्याच दिवशी बघायचं. म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला हवा : ‘आजी, पडदा सगळीकडे सारखा आहे की एका बाजूने? हळूहळू आला की एकदम?’

‘चाळिशी लागली’ म्हणजे जवळचा चष्मा. ‘फूल पडलं’ म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. ‘वडस’ नाकाच्या बाजूने वाढत येतं, ‘रांजणवाडी’ पापणीच्या कडेला होते, ‘खुपऱ्या’ पापणीच्या आतल्या बाजूला. ‘शीर सुकली’ असं दुसऱ्या डॉक्टरने सांगितलं असेल तर दृष्टीची नस. ‘डोळ्याचं बी.पी.’ म्हणजे डोळ्याचा दाब. ‘माश्या उडतात’, ‘जाळं दिसतं’ हे तरंगणारे ठिपके, आणि त्यांच्या जोडीला ‘वीज चमकते’ आली की बाहुली मोठी करून पडद्याच्या कडा बघायच्याच. ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ हे मात्र बहुतेक वेळा चक्कर, रक्तदाब किंवा उपास याचं लक्षण असतं. डोळा तपासाच, पण ब्लड प्रेशरही घ्या. ‘लेझरनं ऑपरेशन करा’ म्हणजे फेको. फेको लेझरने होत नाही हे एकदा शांतपणे सांगा. आणि ‘मोतीबिंदू पिकू दे’ म्हणणाऱ्या आजोबांना सांगा की तो जितका पिकेल तितका कडक होईल आणि काढायला अवघड जाईल.

संमतीपत्र मराठीत छापा, आणि पेशंटसमोर वाचून दाखवा. ज्याला दिसत नाही म्हणून ऑपरेशन करायचं, त्याच्याकडून न वाचता सही घेणं योग्य नाही.

इथले डोळे

थंडीत ऊसतोड सुरू झाली की दौंड, बारामती, इंदापूरकडून उसाचं पान लागलेले डोळे येतात. पान लागून झालेल्या जखमेत बुरशी शिरते, कडा पिसासारख्या दिसतात. त्याआधी गावात कुणीतरी स्टेरॉइडचे थेंब दिलेले असतात, कारण त्यांनी लाली लगेच उतरते. त्याने बुरशी फोफावते आणि बुबुळाला भोक पडतं. जखम खरवडून १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, बुरशी दिसली की नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध ५ टक्के तासातासाला. बाहेरच्या देशात वर्षभरात असा एखाददुसरा पेशंट बघितला असेल, इथे हंगामात आठवड्याला दिसू शकतो.

चुन्याची पुडी हा दुसरा प्रकार, जो परदेशात बघायलाच मिळत नाही. घरातल्या तंबाखूवाल्याची पुडी मुलाने दाबली, ती फुटली आणि चुना डोळ्यात गेला. असं मूल दारात आलं की केस पेपर काढत बसू नका. सुन्न करणारा थेंब, मग सलाइन किंवा रिंगर लॅक्टेटची नळी डोळ्यावर सोडायची, ३० मिनिटं, एक-दोन लिटर. वरची पापणी दोनदा उलटून आतल्या कोपऱ्यातला चुन्याचा खडा ओल्या काडीने काढल्याशिवाय धुण्याचा उपयोग नाही. पाच-दहा मिनिटं थांबून पीएच पट्टी ७ ते ७.५ दाखवेपर्यंत पुन्हा धुवत राहा. दृष्टी किती आहे ते नंतर लिहा.

पावसाळ्यात डोळे येतात. २०२३च्या जुलैत आळंदीत हजारो जणांचे आले होते. तेव्हा टोनोमीटरचा प्रिझम आणि तुमचे हात हेच साथ पसरवायला पुरेसे असतात, म्हणून लाल डोळ्यांचा दाब अडल्याशिवाय घेऊ नका आणि त्यांना बसायला वेगळा बाक ठेवा. उन्हाळ्यात डोळे चोळत येणारी मुलं अ‍ॅलर्जीची. त्यांच्या खिशात मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइड थेंब असतात. आईला ‘बाटली दाखवा’ असं म्हणा, नाव विचारू नका, ते आठवत नसतं. दाब घ्या. गणपतीच्या मिरवणुकीनंतर अंधुक दिसतंय असं तरुण मुलगा म्हणाला तर लेझर झोताकडे बघितलं होतं का ते विचारा आणि पडदा तपासा.

बाहुली मोठी करायचे ट्रॉपिकामाइड-फेनिलएफ्रिनचे थेंब घालायच्या आधी कोन किती उघडा आहे ते बघा आणि रक्तदाब विचारा. आणि हेही विचारा : ‘गाडी कोण चालवणार?’ पुण्यात अर्धे पेशंट स्वतःच्या दुचाकीवर येतात. चार-सहा तास ती चालवायची नाही. सोबत कुणी नसेल तर थेंब घालू नका, दुसऱ्या दिवशी बोलवा.

मोठे डॉक्टर आणि तुम्ही

पहिले सहा महिने जुने पेशंट ‘मोठे डॉक्टर आहेत का?’ असंच विचारणार. मोठ्या डॉक्टरांना सकाळी अकरा ते एक खोलीतच बसू द्या, पण एका पेशंटचं औषध दोघांनी लिहायचं नाही. कुणाचा पेशंट, ते केस पेपरच्या कोपऱ्यात आद्याक्षराने लिहा. मतभेद पेशंटसमोर नको, दुपारी जेवताना बोला. घरच्यांनी बांधलेली माणसं, म्हणजे सिस्टर, कंपाउंडर, शेजारचा चष्मेवाला, पहिल्या वर्षात बदलू नका. कुणाला कमी ऐकू येतं, कुणाचा मुलगा पैसे देतो, कोण थेंब घालायचं विसरतं, हे त्यांना माहीत असतं.

आणि ज्यांचा एक डोळा मोठ्या डॉक्टरांनी केला आहे, त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची लेन्स ठरवताना आधी जुनं ऑपरेशन रजिस्टर उघडा. त्या पानावर लेन्सचं स्टिकर चिकटवलेलं असतं : पॉवर, ए-स्थिरांक, तारीख. पहिल्या डोळ्यात काय नंबर ठरवला होता आणि आज काय आहे ते मोजा. ठरवला होता शून्य आणि राहिला −०.७५, तर दुसऱ्या डोळ्याच्या हिशोबात त्या चुकीच्या निम्म्याइतका फरक धरा, म्हणजे लेन्स साधारण अर्ध्या डायॉप्टरने कमी घ्या. त्याआधी लांबी मात्र पुन्हा मोजून घ्या. मग नवं स्टिकर त्याच पानावर, जुन्याच्या खाली चिकटवा.